सोड्यात फुगणारे मणी

प्रिय मल्लिनाथभाऊजी,

जमाखर्च लिहायला बसले होते. दूध मांडलं, रॉकेल मांडलं, पुढे हात चालेना. म्हणून त्याच पानावर तुम्हांला लिहिते आहे. काल पुण्याहून तुमचा प्रयोगशाळेतला मित्र तुमची ट्रंक घेऊन आला. तुम्ही गेल्यापासून, तुमची अव्वा सोडली तर, घरात कुणी तुमचं नाव घेत नव्हतं. काल घ्यावं लागलं.

मला अजून रडू आलेलं नाही. पूजा होते, भाकरी होते, बेल निवडून होतो. तुमची कावीळ, इस्पितळ, तार, सगळं शेजारच्या घरी घडल्यासारखं वाटतं. असं कसं हो होतं?

तुमची अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, आम्हा सुनांच्या आत्याबाई, दम्याची कॅप्सूल काही केल्या गिळायच्या नाहीत. "कवच हाडाचं हाय म्हनं! गळ्यात लिंग हाय माझ्या, हाडाचं कसं चालंल?" कवच फेकायच्या, आतले दाणे खलात मधाबरोबर कुटायच्या आणि चाटायच्या. मग छाती धडधडायची आणि पहाटे पुन्हा दम. दिवाळीला आलात तेव्हा तुम्ही खलच हिसकावून घेतलात. "वहिनी, हे दाणे एकेक करून विरघळतात, म्हणून रात्रभर पुरतात. कुटले की सगळं औषध एकदम अंगावर येतं!"

"मग तू बिनहाडाचं कर की," आत्याबाई म्हणाल्या. "एवढं शिकलास ते कशाला?"

आणि तुम्ही खरंच मनावर घेतलंत! संक्रांतीत सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला आलात ते साबुदाण्याएवढे ओले मणी घेऊन. समुद्रातल्या शेवाळाचे. "शेवाळ म्हंजे भाजीच की," आत्याबाईंनी निकाल दिला. तुम्ही माझ्या दोन वाट्या घेतल्या. एकीत लिंबाचं पाणी, दुसरीत खायच्या सोड्याचं. लिंबातले मणी आक्रसून बसले, सोड्यातले फुगत फुगत विरत गेले. "पोटात आंबट असतं, तिथे हा मिटून राहणार. पुढे आतड्यात गेला की फुगणार आणि औषध सोडणार."

"आमच्या थोरल्या जाऊबाईवानी हाय," आत्याबाई म्हणाल्या. "सासरी गप, माहेरी तोंड सुटतंय!" किती हसलो आपण! लिंबू फुकट गेलं म्हणून मी कुरकुरले, तर मणी काढून, साखर घालून तुम्ही ते पाणी पिऊन टाकलंत.

एक विचारू? डोळे पिवळे झाले तेव्हा घरी का नाही कळवलंत? कामाची एवढी काय घाई होती?

तेव्हापासून आत्याबाईंनी खल बाजूला ठेवला, पण कॅप्सूलही घेतली नाही. "मल्लूची गोळी येऊ दे." तुम्ही गेल्यावरही तेच. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, असंच चाललं तर एखाद्या दिवशी श्वास परतायचा नाही. तरी तुम्ही गेलात, गोळी येणार नाही, हे खरं त्यांच्यासमोर बोलायला कुणी धजेना. मीसुद्धा नाही.

काल तुमच्या मित्राने मण्यांची बाटली दाखवली. आत्याबाईंनी लगेच हात पुढे केला.

"आजी, यात औषध नाही. नुसते मणी आहेत. औषध घालायचं राहूनच गेलं."

"मग तू घाल की बाबा."

"त्याला अजून पुष्कळ वर्षं लागतील, आजी." बाटली प्रयोगशाळेची, ती तो परत घेऊन गेला.

दिवेलागणीला आत्याबाईंना दम लागला. भिंतीला टेकून बसल्या, ओठ निळसर. मी कॅप्सूल पुढे धरली. त्यांनी मान फिरवली. "मल्लूची..."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, मल्लिनाथभाऊजी गेले. त्यांची गोळी आता येणार नाही."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग तोंड उघडलं. अख्खी कॅप्सूल, घोटभर पाणी. गिळून झाल्यावर लिंग डोळ्यांना लावलं आणि विचारलं, "मल्लू रागावंल का गं?"

मी नाही म्हणाले. तुम्हांला न विचारताच म्हणाले. रात्री त्या झोपल्या, भाऊजी. सलग झोपल्या. मी मात्र जागीच होते, श्वास ऐकत.

सिद्धरामेश्वराला साक्षी ठेवून सांगते, त्यांची कॅप्सूल मी रोज देईन, अख्खी. त्या नको म्हणतील, मी बसून राहीन. आणि त्या तुमची वाट बघू लागल्या, तर 'येतील हो' असं खोटं त्यांच्याशी कधी बोलणार नाही. आणि स्वतःशीही नाही.

तुमची,
वहिनी