कपाळ जमिनीला

सोमवार, ८ जानेवारी १९७३
हंडा कमरेवर घेतला, पाठीत कळ आली आणि मटकन खालीच बसले! सगळं पाणी सांडलं — या दुष्काळात! सासूबाई रिकामा हंडा घेऊन परत विहिरीवर गेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी शिकवते त्या शाळेतल्या कवायतीच्या पुष्पावतीबाईंनी पाठीसाठी आसनं दाखवली. गुडघ्यांवर बसायचं, श्वास सोडत पुढं वाकायचं, कपाळ जमिनीला. मग ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली. "जोर लावू नकोस हं, दीना. बाळंतपणात शेक घेतला नव्हतास का?"

बाळच राहिलं नाही, मग शेक आणि मालिश कुणाला सुचणार?

बुधवार, १० जानेवारी
पोटावर पडून छाती उचलायला गेले — आई गं! वाकायचं तेवढं जमतं.

शनिवार, १३ जानेवारी
घोटाळा झाला! सकाळी कपाळ टेकून होते, तर मागं सासूबाई. डोळे भरलेले. नंतर शेजारच्या गोजरबाईंना सांगत होत्या, "आमची दीना परत प्रार्थनेला बसाया लागली!"

बाळ गेल्यापासून मी चर्चला गेले नाही, घरीही गुडघे टेकले नाहीत. त्यांना ते किती लागलंय! आता काय सांगू? व्यायाम होता म्हणून?

सोमवार, १५ जानेवारी
आज सासूबाईही शेजारी गुडघे टेकून बसल्या! मी घाबरून वाकलेलीच राहिले, पाठ आणखी आखडली. ह्यांना विचारलं, तर म्हणतात, "चालू दे की. पाठीलाही बरं, आईलाही बरं." ह्यांचं आपलं काहीतरीच! खोटं ते खोटंच ना? की नाही? मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय.

गुरुवार, १८ जानेवारी
सांगायचं ठरवून उठले. सासूबाई आधीच येऊन बसलेल्या. नाही सांगवलं.

रविवार, २१ जानेवारी
सांगून टाकलं! "आई, ही प्रार्थना नाही हो. पाठीचा व्यायाम आहे."

"ठावं हाय. पहिल्या दिशी फसले. पर मांजरावानी पाठ हालवून कोन प्रार्थना करतंय?" मग पदर सावरून म्हणाल्या, "बाळ गेल्यापून मला बी प्रार्थना येत न्हवती. चर्चात नुसती बसून यायचे. तुझ्या शेजारी वाकले, तवा आली."

उठून फडताळातून तेलाची बाटली काढली. माझ्या बाळंतपणासाठी आणून ठेवलेली, तश्शीच होती.

"पालथी पड," म्हणाल्या.

तेलाला खवट वास येत होता. मी पडून राहिले.