मागची सीट

दादा,

१. आज दोघांनी चालवायची सायकल चालवून पाहिली.
२. मागची सीट तुझ्या उंचीला लावून घेतली.
३. मागे दुकानदार बसला. त्याचे पाय पोचेनात.

"सीट खाली घेऊ का, ताई?"

मी नको म्हटलं.

"मग ओढा मला एकटीनेच!"

ओढलं. पहिला खड्डा आला तसा तो ओरडला, "अहो, मागच्याला रस्ता दिसत नाही, सांगत चला!"

मग प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण आधी सांगितलं. तुझी दृष्टी गेल्यापासून तू फोन घेत नाहीस. इतकं सलग मी कुणाशी बोललेच नव्हते.

हे पत्र तुला दुसरं कुणीतरी वाचून दाखवणार, म्हणून अजून पोस्टात टाकलेलं नाही; मीच येऊन वाचून दाखवीन.

सायकल शनिवारपर्यंत राखून ठेवली आहे. मागे बसशील का, शुक्रवारपर्यंत कळव.

धाकटी