अठ्ठावन्नावी बादली

मास्तरीणबाई,

मी काकाकडे निघालोय. तू उठेपर्यंत थांबलो, तर पुन्हा माझा पाय निघायचा नाही.

काल तुझ्या गृहपाठातली जाड लाकडी पेटी मी बाहेरून मोजली, तेव्हा तू हसलीस. “बाबा, पाणी आत भरतात की भिंतीत?” मी उगाच डाफरलो तुझ्यावर. चुकलं माझं.

काकाची टाकी मीच बांधली. बाहेरून प्रत्येक बाजू एक मीटर, म्हणून हजार लिटर मावणारच, असं ठासून सांगितलं. त्याने दहा लिटरच्या बादलीने भरून पाहिली. म्हणाला, “दादा, अठ्ठावन्नाव्या बादलीलाच उतू जातेय.” मी चारचौघांत म्हणालो, तुला मोजता येत नाही. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तो आपल्या घरी आला नाही.

भिंती आणि तळ दहा-दहा सेंटीमीटर जाड. म्हणजे आत ऐंशी, ऐंशी आणि नव्वद. तुझ्या रीतीने गुणलं, तर पाचशे शहात्तर लिटर. त्याची बादली बरोबर होती गं.

वीस वर्षं गवंडीकाम केलं, पण हे मला तू शिकवलंस. तुझे उपकार मी विसरणार नाही, पोरी.

हिशोब सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर उतरवून घेतलाय, वही दप्तरात आहे. पट्टी मात्र मी नेतोय, तू माझा टेप ने. दूध तापवलंय, पिऊन जा.

आईला सांग, संध्याकाळी एक ताट जास्त मांड. तो आला नाही, तरी उचलू नकोस म्हणावं.

बाबा