मचाणावर आतून काय घालावं

मिल्टन कीन्स, फेब्रुवारी २००७

तीर्थस्वरूप पुरुषोत्तमकाकांना मधूचा नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण अंगावर सध्या इतके थर आहेत की कमरेत वाकता येत नाही. तेव्हा उभ्याउभ्या झाला तेवढा गोड मानून घ्या.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सतीशला सर्दी आहे, पण ती त्याला लग्नापासून आहे. तिकडे तुमचा गुडघा, तुमचा खोकला आणि तुमचा हट्ट यांची प्रकृती कशी आहे ते कळवा. पहिल्या दोघांची मला काळजी वाटते. तिसरा ठणठणीत असल्याचं तुमच्या पत्रावरून कळलंच.

तर तुम्ही येत नाही. बरं. "तिकडच्या थंडीत म्हातारा माणूस गारठून मरायचा, पोट्टे, नागपुरातच मरू दे," असं तुम्ही लिहिलंत, ते मी एकदा वाचलं, सतीशला वाचून दाखवलं आणि घडी करून ठेवून दिलं. आग्रह करणारी मी नव्हे. काकू गेल्यापासून तुम्ही दिवाळी ते होळी मागच्या खोलीत पडदे लावून, कानाला मफलर बांधून बसता, हे सुयशने मला फोनवर सांगितलं. (त्याला रागावू नका. तुमचाच मुलगा आहे, खरं बोलायची सवय त्याला तुम्हीच लावलीत.) बसा. खुशाल बसा. हे पत्र त्याबद्दल नाहीच मुळी. हे पत्र मी शिकारीला जाते त्याबद्दल आहे.

हो, शिकारीला. चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी तेच लिहिलेलं दिसेल. आता हे सुरू कसं झालं ते सांगते. इथे कौन्सिल आपल्याला गावाबाहेर भाजी लावायला एक पट्टी देते, तिला अलॉटमेंट म्हणतात. मी तिथे मेथी लावली होती. मिल्टन कीन्सच्या त्या चिकणमातीत मेथी उगवली म्हणजे मी काय कष्ट घेतले असतील ते तुम्ही समजून घ्या. आणि एका सकाळी जाऊन पाहते तर बोडखी जमीन! एकही पान नाही, सगळे देठ कुरतडलेले. बाजूच्या पट्टीत मॉरीन नावाच्या बाई पावटे लावतात, त्यांचेही गेलेले. त्यांनी चिखलातला खुराचा ठसा दाखवला आणि काका, मी ओरडलेच. भेकर! आपलं भेकर, तुम्ही नवेगावच्या जंगलात ज्याच्यासाठी बसायचा तेच. (तेच म्हणजे त्याचं चिनी चुलत भावंड. कोण्या साहेबाने शंभर वर्षांपूर्वी हौसेने आणून बागेत सोडलं, आता सगळीकडे झालंय. आमचंही इथे तसंच झालंय म्हणा.) इथे त्याला मारायला बाराही महिने परवानगी आहे. सतीशचं मत पडलं की मेथी स्लाऊच्या देशी दुकानांत जुड्याच्या जुड्या मिळते, त्यासाठी कोणाचा जीव कशाला घ्यायचा. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाकडून मी दुसरी अपेक्षा केली नव्हती.

मॉरीनबाईंचं वय सत्तरीच्या घरात. ओल्नीकडे त्यांचं शेत आहे, शेताला लागून त्यांचंच थोडं रान आहे, नवरा गेल्यापासून बंदुकीचा परवाना त्यांच्या नावावर आहे आणि रानाच्या कडेला लाकडी शिडीचं, दोघांना पुरेल असं चक्क मचाण आहे. त्यांच्या जमिनीवर, त्यांच्या बंदुकीने, त्या शेजारी असतील तर मला चालतं, असा इथला कायदा त्यांनी मला समजावला. आधी कागदी भेकरावर नेम धरायला लावला. मी त्याचा कान उडवला. त्या म्हणाल्या, वाईट नाही, पण जनावर कानाने मरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ही अवदसा काहून आठवली? तर काका, तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. मी आठ वर्षांची होते. तुम्ही सगळे नवेगावला निघाला होतात. मी राजीवदादाचा स्वेटर फ्रॉकवर चढवून सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसले होते. तुम्ही आलात, मला काखेत धरून उचललंत आणि खाली उतरवलंत. "पोट्टीला थंडी वाजते. दात वाजले की जनावर पळतं." झालं, जीप गेली. दादा त्या मचाणावर ढाराढूर झोपला आणि घोरला, हे त्यानेच नंतर फुशारकीने सांगितलं. म्हणजे घोरणं चाललं तुम्हाला, दात चालले नाहीत! पुढे दोन वर्षांत सरकारने शिकारच बंद केली, तुम्ही बंदूक पोलिसांत जमा केलीत आणि माझा नंबर कधी लागलाच नाही. तेव्हा मी यंदा ठरवलं, इंग्लंडच्या माघातल्या पहाटे मचाणावर बसायचं आणि दात वाजू द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत.

आणि इथेच खरी मेख आहे. आतून काय घालायचं? आपल्याकडे बनियन म्हणतात त्याला इथे बेस लेयर म्हणतात, आणि त्यावरून इथली माणसं दोन तट करून भांडतात. एक लोकरवाले, दुसरे सिंथेटिकवाले. आपल्याकडे श्रीखंड की बासुंदी यावरून पंगती उठतात तसं. दुकानातला मुलगा सिंथेटिकवाला होता. घाम शोषत नाही, बाहेर फेकतं, धुतलं की लगेच वाळतं. सतीशला "लगेच वाळतं" हे इतकं आवडलं की त्याने मला विचारायच्या आधीच घेऊन टाकलं. (तुमचे जावई कपडे फक्त वाळण्यावर जोखतात.) मॉरीनबाई कट्टर लोकरवाल्या. प्लॅस्टिक अंगाला लावून रानात जाणं म्हणजे त्यांच्या मते देवळात चपला घालून जाणं. त्यांनी हे देवळाच्या जागी चर्च म्हणून सांगितलं, अर्थ तोच.

पहिल्या वेळी सिंथेटिक घातलं. गाडीपासून मचाणापर्यंत चिखलातून चालत गेलो, तोवर छान उबदार वाटलं, घामही आला. मग बसलो. बसल्यावर तो सगळा घाम, जो बाहेर फेकला जायचा होता, तो बाहेरच्या जाड कोटाला आपटून परत माझ्याच पाठीवर येऊन गार झाला. काका, मी दाताखाली सुपारीचं खांड धरून बसले होते म्हणून अब्रू राहिली. पण खरा घोटाळा वेगळाच झाला. मॉरीनबाई सारख्या नाक वर करून हुंगायच्या. शेवटी हळूच विचारतात, जेवण आणलंय का? झालं होतं असं की सतीशने तो बेस लेयर आदल्या दिवशी धुऊन स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर टाकला होता आणि शेजारी शेगडीवर आमटीला हिंग-लसणाची सणसणीत फोडणी दिली होती. प्लॅस्टिकने घाम काही घेतला नाही, फोडणी मात्र इमानेइतबारे घेतली. भेकर झाडीतून डोकावलं, त्याने एकदाच नाक उडवलं, भुंकलं, आणि जे गेलं ते गेलंच. घरी आल्यावर कस्तुरीने मला मिठी मारली. भेकर वाचलं म्हणून. इथे जन्मलेली पोरगी, तिला ते "क्यूट" वाटतं.

मी हरणारी नव्हे. माळ्यावरून ट्रंक काढली. त्यात तळाशी तुमची बंडी होती. हो, तीच. मातकट रंगाची, काकूंनी विणलेली, तुम्ही मचाणावर कोटाच्या आत घालायचा ती. तुम्ही सगळ्या घरात शोधलीत आणि शेवटी कसर खाऊन गेली असं ठरवलंत, ती. मी इकडे यायला निघाले तेव्हा काकूंनीच गुपचूप माझ्या ट्रंकेत घातली. म्हणाल्या, यांना आता कुठे मचाणावर बसायचंय, तुला तिकडे लागेल. आणि सोबत डांबराच्या गोळ्या घातल्या. किती? ना बाप्पा, काकूंचा हात तुम्हाला माहीतच आहे. त्या गोळ्या वर्षानुवर्षं त्या ट्रंकेत बसून विरल्या आणि सगळ्या त्या बंडीत गेल्या.

तर दुसऱ्या वेळी बंडी. काका, ऊब म्हणजे काय ऊब! पाठ अशी शेकली जात होती की मी सुपारी काढून खिशात ठेवली. टोचत होती, ते सोडा. काकूंचं प्रेमही थोडं टोचायचंच. पण भेकर आलं नाही. ससा आला नाही. पाखरूसुद्धा आलं नाही. मॉरीनबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या मचाणाच्या पार कडेला सरकून बसल्या. अर्धं रान डांबरगोळीने मोकळं केलं आम्ही. उतरल्यावर त्यांनी मला सुनावलं, की लोकर बरोबरच आहे, पण त्या गोळ्या घालणं हा अडाणीपणा, त्या स्वतः लोकर नुसती कपाटात ठेवतात, कधी काही झालं नाही. मी ऐकून घेतलं. (ही गोष्ट लक्षात ठेवा.) घरी सतीश "तरी मी म्हणत होतो" म्हणाला. त्या दिवशी त्याला आमटी मिळाली नाही.

मग मी बंडी वाऱ्यावर टाकली, मागच्या अंगणात दोरीवर. रात्री बर्फ पडलं. सकाळी पाहते तर बंडी फळीसारखी ताठ, आणि पलीकडच्या आजींनी बेल वाजवून विचारलं, दोरीवर कोणी माणूस आहे का. पण वास गेला, काका! आणि मी दोन्ही पक्षांचं ऐकायचं बंद करून माझा निकाल दिला. आतून ते पातळ सिंथेटिक, वास नसलेल्या साबणाने धुऊन न्हाणीघरात वाळवलेलं, आणि त्यावर बंडी. आतलं घाम ढकलतं, बाहेरची लोकर तो झेलते आणि ओली झाली तरी गार पडत नाही. चालताना वरचा कोट हातात धरायचा, बसल्यावर घालायचा. इतकं साधं आहे, आणि लोक यावर भांडतात.

तिसऱ्या वेळी, म्हणजे परवा, आम्ही उजाडायच्या आधी मचाणावर चढलो. बर्फ होतं. वारा समोरून. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. हळूहळू आधी झाडं दिसायला लागली, मग कुंपण, मग एक कोल्हा आपल्याच विचारात निघून गेला. तुम्ही बाबांना एकदा म्हणाला होतात, "बंदूक गेली त्याचं काही नाही, बसणं गेलं." तेव्हा मला वाटलं होतं, काका काहीतरी बोलतात. परवा कळलं. आणि मला तुमची इतकी आठवण आली की डोळे पुसायला हात हलवावा लागला असता, म्हणून तसेच राहू दिले.

तेवढ्यात भेकर आलं. समोर, उघड्यावर, आडवं उभं. मी बंदूक उचलली, श्वास सोडला, बोट ठेवलं, आणि टक-टक-टक-टक! दात! छत्तीस वर्षांपूर्वीचं तुमचं वाक्य खरं ठरलं म्हणायचं! मी जीभ फिरवून पाहिली. खबरदारी म्हणून पुन्हा धरलेली सुपारी जागेवर. दात जागेवर, गप्प. वळून पाहते तर मॉरीनबाई! अख्खी कवळी नाचत होती. भेकर अर्थातच गेलं. मी त्यांना खाली उतरवलं, गाडीत बसवलं, हीटर लावला, कोट काढायला मदत केली, तर आतली लोकर म्हणजे नुसती चाळणी! कसरीने एवढीशी जागा सोडली नव्हती. मी डांबरगोळ्यांबद्दल एक शब्द बोलले नाही. फक्त त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि मग आम्ही दोघी गाडीत बसून इतक्या हसलो की कवळी काढून ठेवावी लागली.

तर काका, निकाल नोंदवून घ्यावा. पोट्टीला थंडी वाजली नाही. पोट्टीचे दात वाजले नाहीत. माझं म्हणणं सिद्ध झालं, मला आता काही म्हणायचं नाही.

तुमची (जीपमधून उतरवलेली)
मधू

ता. क. भेकर मजेत आहे. यंदा मेथीऐवजी कांदे लावलेत, बघू काय करतं ते.

ता. क. मागे लागून विचारते असं समजू नका, पण सुतळीने छातीचं माप घेऊन सुयशकडून तेवढी सुतळी पाकिटात घालून पाठवा. बंडीला माप नको, ती तुमचीच आहे. पण आतलं सिंथेटिक अंगाबरोबर बसावं लागतं, आणि तुम्ही फार वाळलात असं सुयश म्हणतो. अंदाजाने घेणार नाही.

ता. क. उन्हाळ्यात येतो अशी पळवाट काढू नका. उन्हाळ्यात गवत कमरेएवढं होतं, भेकर दिसत नाही. पुढच्या जानेवारीत यायचं. मला मुळातच थंडी फार वाजत नाही हो काका, आठव्या वर्षीही वाजत नव्हती. हे सगळं घालून-काढून बघितलं ते ऐंशीच्या माणसाला पहाटे मचाणावर किती वेळ बसवता येईल ते बघायला. भरपूर वेळ बसवता येईल. मॉरीनबाईंनी शिडीला कठडा लावायचं कबूल केलंय. बंदूक न्यायची नाही, नुसतं बसायचं. आणि तुमचे दात वाजलेच, तर वाजू देत. जनावर पळालं तर पळालं. मी तुम्हाला गाडीतून उतरवणार नाही.