श्रेयाच्या लग्नातलं पाणी

गारखेडा, छ. संभाजीनगर
१० नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
श्रेयाचा शि. सा. न. वि. वि.

काल बोलता बोलता तुम्ही फोन ठेवून दिलात. आई म्हणाली, त्यांना ऐकू कमी येतं. मला वाटतं, नको ते नेमकं ऐकू आलं म्हणून ठेवलात. म्हणून हे पत्र. हे मध्येच ठेवून दिलंत तरी काकू पुन्हा हातात देतील.

लग्न बायपासच्या हॉलवर नको, आपल्या शेतात चिंचांखाली करू, पळसाच्या पत्रावळींवर जेवण वाढू आणि पाण्याच्या बाटल्या आणायच्याच नाहीत, एवढंच मी म्हणाले होते. तुमच्या होणाऱ्या जावयाला, ऋतुराजलाही ते पटलं आहे. त्यामागचं कारण मात्र फोनवर सांगायचं राहिलं.

मे महिन्यात माझ्या मैत्रिणीचं, मोनिकाचं लग्न अशाच एका हॉलवर झालं. तिची बॅग तिथं राहिली होती, ती आणायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. हॉलच्या मागं प्लास्टिकच्या ताटांचा ढीग होता आणि अर्ध्यामुर्ध्या प्यायलेल्या बाटल्यांचा त्याहून मोठा. दोन बायका एकेक बाटली उघडून त्यातलं उष्टं पाणी घागरीत ओतत होत्या. मी विचारलं, तर एक म्हणाली, आठ दिवस नळ नाही, धुण्याला होईल. पण दुसरी ते फडक्यानं गाळून घेत होती. धुण्याचं पाणी कुणी गाळत नाही, अण्णा.

आदल्या रात्री मी तिथंच जेवले होते. माझीही अर्धी बाटली त्यात असणार.

काकूंना नमस्कार. राग असू द्या, पण उत्तर धाडा.
तुमची,
श्रेया

२४ नोव्हेंबर २०२४
ता. खुलताबाद

चि. श्रेयास,
बद्रीनाथचे अनेक उ. आ.

पत्र पोचलं. मी एकदा वाचलं आणि तुझ्या काकूनं दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मुद्दाम मोठ्यानं. त्या बायकांचं वाचून वाईट वाटलं. तरी माझं म्हणणं ऐक.

तुझा बाप गेला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. दवाखान्यात त्यानं माझा हात धरला. मी तिथंच मनाशी ठरवलं, या पोरीचं लग्न असं करीन की तालुक्यानं बघावं. आता झाडाखाली पानावर पंगत बसवली तर लोक काय म्हणतील? बिनबापाची पोर होती, चुलत्यानं उरकून टाकली. माझे कान अधू आहेत, पण असलं बोलणं मला लई लांबून ऐकू येतं. सवाल इज्जतीचा आहे, माझ्या आणि त्याच्याही.

आणखी एक. गावात पत्रावळ लावणारी आशाबाई तेवढी उरलीय. तिला सहज विचारलं तर हसायला लागली. म्हणाली, तुमच्या घरच्या लग्नात पत्रावळ? बघ, तीसुद्धा हसली.

हॉल बघून ठेवतो. तब्येतीची हयगय करू नको.
तुझा काका,
अण्णा

गारखेडा
१ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आई रडली. मग मीही. बाबांनी तुमचा हात धरला होता, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. हॉल घ्या, मी हसत बोहल्यावर चढेन. मागणं एकच आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्यासोबत त्या हॉलच्या मागं येऊन उभं राहायचं. नुसतं उभं राहायचं. मग त्याला इज्जत म्हणायचं की नाही, ते तुम्ही सांगाल ते मी मान्य करीन.

थंडी वाढली आहे, कानटोपी घालत जा.
तुमचीच,
श्रेया

१९ डिसेंबर २०२४
ता. खुलताबाद

चि. श्रेयास,
अनेक उ. आ.

तुझ्या लग्नापर्यंत मला दम निघाला नाय. मागल्या आठवड्यात सोमवारी, लग्नाच्या दाट तिथीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटेच्या बसनं शहरात आलो आणि रिक्षा करून हॉलच्या मागं गेलो. तुझ्या घरी आलो नाही, त्याची माफी. तोंड दाखवावंसं वाटलं नाय.

एक म्हातारी तिथं होती, माझ्याच वयाची. घागर भरली होती, पण तिला ती उचलत नव्हती. मी हात लावून तिच्या डोक्यावर दिली. ती मला म्हणाली, "दादा, लग्नं लई होऊ द्या, आमचं भागतं." मी सत्तर वर्षांत इतके आशीर्वाद घेतले, पण असा कधी घ्यावा लागला नव्हता.

परत आल्यापासून आशाबाईच्या ओसरीवर पत्रावळी लावायला बसतोय. पान पानावर कसं चढवायचं, काडी कुठं टोचायची, ते ती दाखवते. माझ्या पहिल्या चाळीस पत्रावळी तिनं शेळीला घातल्या. आता मात्र वरण धरणारी पत्रावळ जमते. मला बघून गावच्या बायका येऊन बसू लागल्या. मंदिराचे स्टीलचे पेले मिळतायत, रांजण मी कुंभाराला सांगितलेत.

माझी अट ऐक. काटकसर दिसता कामा नये. पंगत बसवूनच वाढायचं, बुंदी पोटभर, सनई-चौघडा गावचा, आणि पाणी मी स्वतः वाढणार.

आईला सांग, दीर सुधारला.
तुझा काका,
अण्णा

उस्मानपुरा, छ. संभाजीनगर
१८ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सासरहून हे पहिलं पत्र. इथं सगळे चांगले आहेत. काल जेवताना माझ्या सासऱ्यांनी, सुदर्शनरावांनी टेम्पोची गोष्ट सांगितली. मी बोहल्यावर होते, मला काहीच ठाऊक नव्हतं.

शहरचे पाहुणे रांजणाचं पाणी पिणार नाहीत, या भीतीनं त्यांनी बाटल्यांचा टेम्पो गुपचूप मागवला होता म्हणे. तो बांधापाशी आला तेव्हा तुम्ही भांडाल असं त्यांना वाटलं. पण तुम्ही तांब्या घेऊन पुढं झालात आणि म्हणालात, "व्याही, टेम्पो उतरवा, मी अडवणार नाही. पण आधी माझ्या हातचं पाणी प्या." आपल्या विहिरीचं, बायकांनी उकळून वाळा घालून ठेवलेलं ते पाणी त्यांनी तिथंच उभ्या उभ्या प्यायलं आणि दुसरा तांब्या मागितला. टेम्पो आला तसा परत गेला.

वरबाप पंगतीत पाणी का वाढतोय, असं नातेवाईक मला विचारत होते. आता कळलं. सासरे म्हणतात, बद्रीनाथराव सत्तरीत वाकून वाढतात, मग मी खुर्चीवर बसून काय करू?

पाय दुखत असतील, तेल लावून घ्या.
तुमची,
श्रेया

२ मार्च २०२५
ता. खुलताबाद

चि. सौ. श्रेयास,
अखंड सौभाग्याचे आशीर्वाद.

पाय दुखतात, पण कुणाला सांगत नाय. पहिल्या पंगतीला पत्रावळी लावणाऱ्या बायका बसवल्या होत्या, ते तू पाहिलंस. आशाबाई जेवण झाल्यावर पानं गोळा करायला उठली, तिला बसवलं. पानं मी आणि सुदर्शनरावांनी उचलली आणि खताच्या खड्ड्यात नेऊन टाकली. मंडपातला कचरा दोन पोत्यांतच मावला.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. पाणी वाढताना कन्नड तालुक्यातला एक अनोळखी पाहुणा भेटला. लग्न लई देखणं केलं म्हणाला, आणि नवरी कुणाची ते विचारलं. अठरा वर्षं ही पोर कुणाची असं कुणी विचारलं की मी भावाचं नाव सांगत आलो. त्याचं नाव मागं पडू नये, एवढंच मनात असायचं. त्या दिवशी मात्र तांब्या तसाच हातात धरून मी म्हणालो, "माझी."

दोघं मिळून या. पाटाला पाट लावून जेवू.
तुझा,
अण्णा