मानेमागची कड

१२ फेब्रुवारी १९७३

टेबलावर कवटी! पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मुरूम खणताना सापडली. फौजदारांनी पोत्यातून काढून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. "डॉक्टर, बाई की बुवा, तेवढं सांगा." बाकी हाडं? "गेली असतील भरावात." कमरेचं हाड असतं तर आमच्या कंपाउंडरनं, गहिनीनाथनंही सांगितलं असतं!

चार वर्षं या गावात खरूज आणि हगवण बघतोय. आज पहिल्यांदा कोणी विद्वान समजलं.

१३ फेब्रुवारी

ट्रंकेतून कॉलेजचं इंग्रजी पुस्तक काढलं. कपाळ उभं, भुवयांवरचं हाड सपाट — बाई. पण डोक्यामागे, मानेचे स्नायू चिकटतात तिथे, ही जाड कड! पुस्तक म्हणतं, अशी कड पुरुषाचीच. दोन खुणा बाईच्या, एक पुरुषाची. पण ती एक काय दणदणीत आहे!

शोभा म्हणते, "ती स्वयंपाकघरात आणलीत तर मी चालले माहेरी."

१४ फेब्रुवारी

भागूबाई आली. तलावावर मातीच्या पाट्या वाहते. तिची भीमा म्हणजे सरपंच पुंजारामची सून. सहा वर्षांपूर्वी नाहीशी झाली. सासरचे म्हणतात, पळून गेली. कवटी सापडली ती पुंजारामच्या पडक्या विहिरीपाशी. "डाक्टर, माझी पोर पळाली न्हाई. सहा वर्सं लोक नाही नाही ते बोलत्यात. तेवढं नीट बगा." म्हटलं, शास्त्र सांगेल ते लिहीन.

पाठोपाठ पुंजाराम, तुपाची बरणी घेऊन. दुष्काळात तूप! "साहेब, आपल्यात मान्साला जाळत्यात. पुरत्यात फकस्त साधूला. मंजी ही साधूचीच की! तुमी आपलं शास्त्रानं लिवा." तूप नको म्हणालो. शोभानं आतून हात पुढे करून घेतलं.

१५ फेब्रुवारी

अहवाल दिला — पुरुष. 'बरीच जुनी' हेही ठोकून दिलं. तुपामुळे नव्हे, कडेमुळे! इथे लिहून ठेवतो. फौजदार खूश, तपास मिटला, कवटी गावाच्या ताब्यात. भागूबाई दारातच उभी होती. सांगितलं. पाटी उचलून कामावर गेली.

४ मार्च

तळेबाबांची समाधी झाली! कवटी आत, वर सिमेंट, त्यावर शेंदूर. सिमेंट तलावाचंच, पण पुण्यकार्यात कोण विचारतो! नेवाशाहून फोटोवाला, भिंगारहून बँड. नारळ माझ्या हस्ते. पुंजाराम माईकवर म्हणाला, "डाक्टरसायबांनी बाबाला वळकलं!" टाळ्या. मला फेटा बांधला. फोटोत बरा दिसेन.

१९ मार्च

भागूबाईच्या डोक्यात दगड लागला. टाके घालायला मागचे केस कापले. बोटं फिरली आणि थांबली. कड! तशीच, तेवढीच जाड.

"बाई, ओझं कधीपासून वाहता?"

"कळतंय तवापासनं. पानी, सरपन, आता ही माती. आन् भीमा तर सात वर्साची आसल्यापासनं दोन-दोन हंडे आनायची." मग माझ्याकडे बघत राहिली. "का वो, डाक्टर?"

मी सुईत दोरा ओवला.

ती गेल्यावर गहिनीनाथचं डोकं चाचपलं — सपाट! माझं — सपाट! शोभानं विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? पुस्तकवाल्या साहेबाच्या मडमेनं कशाला हंडा उचलला असेल! आणि मी गाढव, रोज खिडकीतून बायकांच्या डोक्यावरचे हंडे बघतो.

२० मार्च

फौजदारांना म्हणालो, अहवाल बदलायचाय. हसले. "बाबाची आता बाई करता? नारळ तुम्हीच फोडलात ना?" घरी येऊन अर्ज लिहिला. खिशात घालून फिरतोय. पुंजारामची भीती वाटते, आणि भीतीची लाज वाटते.

२६ मार्च

टाके काढले. भागूबाई तिथून थेट समाधीवर गेली. मीही मागोमाग गेलो. तिनं बाबाची ओटी भरली! खण, नारळ, हिरव्या बांगड्या. लोक हसले. पुंजाराम ओरडला, "ए म्हातारे, बाबाला बांगड्या?"

"माज्या लेकीची वटी हाय," ती म्हणाली. "डाक्टरांना इचारा."

सगळं गाव माझ्याकडे वळलं.

सांगितलं.