कालव्यावरचा बांबू

ती. वहिनीस, धाकट्या दिराचा, लाम खुनचा, नमस्कार. दादाचा गुडघा कसा आहे? आल्याचा शेक सोडू देऊ नका. इकडे मी ठणठणीत, फक्त मान, कान आणि एक न सांगण्याजोगी जागा सुजली आहे. पण कारण आनंदाचं आहे. वहिनी, मुंगळे कामाला लागले!

तेच, पानं शिवून घर करणारे तांबडे, आजोबा पाळायचे तसे. यंदा फवारणी बंद केली, घरटं पिशवीतून आणून संत्र्याच्या पहिल्या झाडाला टांगलं आणि मुंगळ्यांना जायला-यायला झाडाझाडांमध्ये बांबूच्या कामट्या बांधल्या. पंधरा दिवसांत फळांचा रस पिणारे ते घाण वासाचे हिरवे किडे साफ! नव्या वर्षाला माझी संत्री बिनडागाची निघाली, की आत्ता हसणारा गाव तोंडात बोटं घालील.

आणि एका सकाळी मुंगळे गायब. बघतो तर कालव्यापलीकडे, शुक-यिनच्या बागेत मेजवानी झोडतायत (माझ्याकडे खायला किडा उरला नव्हता ना!). कालव्यावर एक बांबू आडवा. ही विधवा बाई, वसंतभर मला "खुनभाऊ, साखर कमी पडली तर सांगा हो" म्हणणारी! तावातावाने जाब विचारला, तर म्हणते, "तुमचे असतील तर हाक मारा, येतील." मी खरंच वाकून हाक मारली. सूज तिथली.

मग मी माझ्या झाडांना माशांची आतडी टांगली. सगळे परत! तिने अख्खा मासा टांगला. मी दोन. आठवड्यात मुंगळे असे सुस्तावले की किडा अंगावरून गेला तरी बघेनात. दोन्ही बागांत किडे परतले, वर गावची मांजरं. वर्षाची संत्री हातची जाणार म्हणून माझी झोप उडाली. शेवटी तीच बांबूपाशी येऊन म्हणाली, "पुरे झालं. तुम्ही मासे काढा, मी काढते."

काढले. आता मुंगळे दोन्हीकडे ये-जा करतात, किडे हटले, फळं धरली आहेत. रोज संध्याकाळी आम्ही दोघं दोन टोकांना उभे राहून पूल शाबूत आहे ना ते बघतो. असतो. तरी बघावं लागतं.

आपला,
खुन

ता. क. तो बांबू मीच टाकला होता, भर दुपारी, ती ओसरीवर डुलकी काढत असताना. तिच्या झाडांचे हाल बघवेनात, आणि जाब विचारायला जायला निमित्तही हवं होतं. वहिनी, येऊन तिला माझ्यासाठी विचाराल? गाव हसला तर हसू दे, ती हसली तर मला सोसायचं नाही.

आणखी ता. क. (अक्षर वेगळं दिसेल.) वहिनी, यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पत्ता घालायला पाकीट माझ्याकडे दिलं, तेही उघडं. मी डुलकी काढत नव्हते. लवकर या, फक्त मासे आणू नका. — शुक-यिन